मिक्सरसाठी टॉकबॅकचा माइक प्रीअ‍ॅम्प: घरी कसा बांधायचा

काचेपलीकडे हेडफोन लावून उभ्या असलेल्या गायकाला कंट्रोल रूममधले चेहरे दिसतात, आवाज ऐकू येत नाही. टेक थांबला, आतली माणसं आपसांत बोलताहेत, कुणीतरी मान हलवली, आणि बूथमध्ये मात्र नुसती शांतता. नवख्या गायकाचा धीर अशा वेळी फार लवकर सुटतो. ‘छान झालं, फक्त अंतऱ्याची दुसरी ओळ परत घेऊ’ एवढं वेळेवर कानावर पडलं तर पुढचा टेक वेगळाच येतो. मोठ्या कन्सोलमध्ये त्यासाठी टॉकबॅकची, म्हणजे कंट्रोल रूममधून थेट गायकाच्या हेडफोनमध्ये बोलण्याची, सोय असतेच. घरगुती स्टुडिओतल्या लहान मिक्सरमध्ये ती बहुधा नसते आणि मग दार उघडून बोलणं किंवा हातवारे यांवर भागवलं जातं.

इथे बांधायचं आहे ते टेबलावर ठेवायचं एक छोटं खोकं: आत इलेक्ट्रेट माइक, एक ओपॅम्प (सिग्नल वाढवणारी आयसी), दाबून बोलायचं बटण आणि मिक्सरच्या रिकाम्या लाइन इनपुटला जाणारी एक वायर. मिक्सर उघडायचा नाही. साधं सोल्डरिंग येत असेल आणि मल्टिमीटर हाताशी असेल तर सुट्टीच्या एका दिवसाचं काम आहे.

बांधायला बसण्याआधी एक गोष्ट ठरवून टाका. हा माइक रेकॉर्डिंगचा नाही. त्याच्याकडून दोनच अपेक्षा आहेत: प्रत्येक शब्द स्पष्ट कळला पाहिजे, आणि हेडफोनमधल्या कानांना कधीही इजा होता कामा नये. पुढचे सगळे आकडे या दोन गोष्टींवरून आले आहेत.

किती गेन लागतो

रेकॉर्डिस्ट खुर्चीत बसून बोलतो तेव्हा माइक तोंडापासून हातभर लांब असतो. गेन म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते. एवढ्या अंतरावर नेहमीच्या बोलण्याची पातळी ६५ ते ७० डीबी एसपीएल (हवेतल्या आवाजाच्या दाबाचं माप) धरू. बाजारात मिळणाऱ्या इलेक्ट्रेट कॅप्सूलची (म्हणजे माइकच्या छोट्या गोल डबीची) संवेदनशीलता साधारण ६ ते १० मिलिव्होल्ट प्रति पास्कल असते, आणि १ पास्कल म्हणजे ९४ डीबी एसपीएल. म्हणजे आपलं बोलणं त्यापेक्षा २४ डीबी किंवा त्याहून थोडं जास्तच खाली आहे, आणि कॅप्सूलमधून मिळतो जेमतेम अर्धा मिलिव्होल्ट. मिक्सरच्या लाइन इनपुटला पाव व्होल्टच्या आसपास मिळाला की पुढचं मिक्सरचं ट्रिम (इनपुटची पातळी लावायचा नॉब) सांभाळून घेतं. म्हणून एकूण गेन ५०० पट, सुमारे ५४ डीबी. एवढा गेन एकाच टप्प्यात घेण्यापेक्षा दोन टप्प्यांत वाटला की सर्किट शांत राहतं.

ओपॅम्प म्हणून एनई५५३२ घ्या. तो कमी नॉइजसाठी प्रसिद्ध आहे, पण इथे तो निवडायचं कारण ते नाही. कॅप्सूलचं स्वतःचं नॉइज ओपॅम्पच्या कितीतरी पट असतं, त्यामुळे टीएल०७२ लावला तरी कानाला फरक कळणार नाही. ५५३२ ६०० ओहमचा लोडसुद्धा सहज चालवतो, म्हणून लांब केबल किंवा जुन्या मिक्सरचं इनपुट असलं तरी चिंता नाही. दोन्ही आयसींचे पाय सारखेच असल्याने जो मिळेल तो बसवा.

सामान

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, दोन्हीकडे यातलं जवळजवळ सगळं मिळतं. दोन पायांची इलेक्ट्रेट कॅप्सूल, एनई५५३२ आणि त्याचा ८ पायांचा सॉकेट, ७८१५ रेग्युलेटर, २४ व्होल्ट डीसीचा तयार अ‍ॅडॉप्टर, झीरो पीसीबी, १०० के लॉग पॉट (गेन कमी-जास्त करायचा नॉब), दोन पोलचं (एका दाबात दोन स्वतंत्र जोडण्या बदलणारं), सोडल्यावर परत वर येणारं चेंजओव्हर पुश बटण, तीन लाल एलईडी, एक स्टिरिओ पाव इंची जॅक, धातूचं खोकं आणि शिल्डेड वायर. मॉनिटर डिमही, म्हणजे बोलताना कंट्रोल रूमचे स्पीकर आपोआप हळू करणं, करायचा असेल तर २४ व्होल्ट कॉइलचा दोन पोल सिग्नल रिले आणि १एन४००७ डायोड.

रेझिस्टर पाव वॉटचे मेटल फिल्म घ्या. ४७ के आणि ४.७ के यांची अदलाबदल या सर्किटमध्ये सर्वांत त्रासदायक ठरते. पाच पट्ट्यांच्या मेटल फिल्मवर रंग वाचण्यापेक्षा प्रत्येक रेझिस्टर बसवण्याआधी मीटरवर मोजा. कपॅसिटरवरचे आकडेही लक्षात ठेवा: ३३१ म्हणजे ३३० पीएफ, २२३ म्हणजे २२ नॅनो, १०४ म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड, १०५ म्हणजे १ मायक्रोफॅरड.

पॉवर आणि अर्धा व्होल्टेज

२३० व्होल्टशी आपला हात लागू नये म्हणून तयार अ‍ॅडॉप्टर घेतला आहे. पण आजचे अ‍ॅडॉप्टर स्विचिंगचे असतात आणि त्यांची बारीक किरकिर रेग्युलेटर पूर्णपणे अडवत नाही. म्हणून २४ व्होल्टच्या वाटेवर आधी २२ ओहमचा रेझिस्टर आणि त्यानंतर ग्राउंडला ४७० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा कपॅसिटर टाका, मग ७८१५. रेग्युलेटरच्या दोन्ही बाजूंना, अगदी त्याच्या पायांजवळ, ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरड हवेत. आउटपुटला आणखी १०० मायक्रोफॅरड. सर्किट वीसेक मिलिअँपिअरच घेतं, त्यामुळे ७८१५ ला हीटसिंक नको.

आपल्याकडे फक्त १५ व्होल्ट आणि शून्य आहे, तर ऑडिओ सिग्नल वर-खाली दोन्हीकडे हलतो. त्याला टेकायला मधली पातळी लागते. १५ व्होल्टपासून ग्राउंडपर्यंत १० केचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडा. त्यांच्या मधल्या बिंदूवर ७.५ व्होल्ट मिळतील. तिथून ग्राउंडला १०० मायक्रोफॅरड, प्लस टोक मधल्या बिंदूकडे. या बिंदूला पुढे ‘मध्य’ म्हणू.

कॅप्सूलसाठी असाच दुसरा, स्वतंत्र विभाजक करा: १० के, १० के आणि १०० मायक्रोफॅरड. ‘मध्य’वरूनच कॅप्सूलला पुरवठा दिला तर दोन रेझिस्टर वाचतील, पण कॅप्सूलचा करंट मध्यची पातळी खाली ओढेल आणि आउटपुटचा सिग्नल मागच्या दाराने इनपुटला शिरण्याची वाट तयार होईल. ते नको. या दुसऱ्या ७.५ व्होल्टपासून ४.७ केचा रेझिस्टर कॅप्सूलच्या प्लस पायाला जातो. कॅप्सूल ०.२ ते ०.५ मिलिअँपिअरच्या दरम्यान काहीही घेवो, तिच्यावर साधारण २.५ ते ५.५ व्होल्ट राहतात. बहुतेक कॅप्सूलची मर्यादा १० व्होल्टची असते, तिच्यापासून आपण बरेच खाली आहोत.

कॅप्सूलचा कोणता पाय ग्राउंड? मागून पाहिलं तर एका पायापासून धातूच्या कवचापर्यंत तांब्याच्या रेषा गेलेल्या दिसतात, तो ग्राउंड. मीटरच्या कंटिन्युइटीवरही खात्री होते. सोल्डर करताना पायाला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त उष्णता देऊ नका. आतला एफईटी आणि पडदा दोन्ही नाजूक असतात.

पहिला टप्पा

कॅप्सूलच्या प्लस पायापासून २२ नॅनोचा कपॅसिटर आयसीच्या ३ नंबरच्या पायाला. त्याच पायापासून ४७ के ‘मध्य’ला. १ नंबर आउटपुट आहे, तिथून ४७ के २ नंबरला, आणि त्या ४७ केच्या समांतर ३३० पीएफ. २ नंबरपासून १ के, त्याच्यापुढे १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर आणि मग ग्राउंड. गेन झाला १ अधिक ४७, म्हणजे ४८ पट.

२२ नॅनो आणि ४७ के मिळून साधारण १५४ हर्ट्झखालचा आवाज उतरवतात. १ के आणि १ मायक्रोफॅरड तेच काम १५९ हर्ट्झला करतात. टेबलावर हात आपटणं, पंख्याची घरघर, एसीचा गुरगुराट, सगळं या पट्ट्यात असतं. शब्द कळतो तो मुख्यतः १ ते ४ किलोहर्ट्झमधल्या व्यंजनांमुळे, त्यामुळे खालचं काढून टाकल्याने बोलणं उलट स्वच्छ होतं. वरच्या टोकाला ३३० पीएफ १० किलोहर्ट्झच्या आसपासून उतार देतो. ‘अजून थोडा बास असता तर’ म्हणून २२ नॅनोच्या जागी मोठा कपॅसिटर टाकायचा मोह होईल, टाकू नका. हेडफोनमध्ये तानपुरा आणि तबला आधीच खालच्या पट्टीत भरलेले असतात, त्यात तुमचं बोलणं बुडेल.

दुसरा टप्पा, बटण आणि कानांची काळजी

१ नंबरच्या पायापासून १ मायक्रोफॅरड, त्याच्यापुढे ४.७ के, मग एक जोडबिंदू, मग दुसरा ४.७ के, आणि तो ६ नंबरला. ५ नंबर थेट ‘मध्य’ला. ६ आणि ७ यांच्यामध्ये १०० के पॉट. पॉटचा मधला पाय एका कडेच्या पायाशी जोडून घ्या, म्हणजे जुनं होऊन आतला ब्रश क्षणभर सुटला तरी फीडबॅक तुटणार नाही. पॉटला समांतर १०० पीएफ. पॉट शून्यावर असताना आवाज बंद, पूर्ण फिरवल्यावर दहा पटींहून थोडा जास्त. दोन्ही टप्पे मिळून आपले ५०० पट झाले.

दोन ४.७ केमधल्या त्या जोडबिंदूवर बटण येतं. बटण न दाबलेल्या स्थितीत जे दोन पाय जोडलेले असतात ते घ्या. एक जोडबिंदूला, दुसरा ‘मध्य’ला. बटण मोकळं असताना सिग्नल ‘मध्य’मध्ये विरतो. दाबलं की संपर्क सुटतो आणि बोलणं पुढे जातं. दोन्ही बाजूंना ७.५ व्होल्टच असल्यामुळे दाबताना ‘फट्’ असा आवाज येत नाही. कॅप्सूलचा पुरवठा चालू-बंद करून हेच काम करणारी सर्किटं दिसतात, पण त्यांत प्रत्येक वेळी धक्का बसतो आणि पहिला शब्द गिळला जातो.

दाबल्यावर अडकून राहणारं बटण इथे चालणार नाही. ते चालू राहिलं तर कंट्रोल रूममधली गायकाबद्दलची चर्चा गायकालाच ऐकू जाते, आणि त्यानंतर त्या सेशनचं काय होतं ते कुठल्याही रेकॉर्डिस्टला विचारा. याच कारणाने बटणाचं सोल्डरिंग पक्कं हवं. ‘मध्य’कडची वायर तुटली तर माइक सतत चालू राहील.

आता सर्वांत महत्त्वाचे दोन भाग. ६ आणि ७ यांच्यामध्ये, पॉटला समांतर, दोन लाल एलईडी उलटसुलट जोडा, एकाचा प्लस दुसऱ्याच्या मायनसला. लाल एलईडी साधारण १.७ व्होल्टला वाहू लागतो. म्हणजे कुणी माइकवर खोकलं, खोकं टेबलावरून पडलं, उत्साहाच्या भरात कुणी ‘वा!’ म्हणून ओरडलं, तरी आउटपुट १.७ व्होल्ट शिखराच्या फारसं वर जात नाही. आरएमएसमध्ये ते १.२ व्होल्ट होतात, म्हणजे व्यावसायिक उपकरणांची प्लस ४ डीबीयू पातळी. एलईडीऐवजी साधे १एन४१४८ डायोड लावले तर ०.६ व्होल्टलाच कापाकापी सुरू होते. बोलण्यातली शिखरं सरासरीच्या चौपटीपर्यंत जातात, त्यामुळे नेहमीचं बोलणंही फाटकं ऐकू येईल. एलईडीवर प्रकाश पडला की त्यात बारीक करंट तयार होतो, म्हणून हे दोन एलईडी बंद खोक्याच्या आतच ठेवायचे, पॅनेलवर नाही.

ही व्यवस्था म्हणजे खराखुरा कंप्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारं उपकरण) नव्हे. मोठ्या कन्सोलमध्ये तो असतो, विशेषतः उलट दिशेच्या टॉकबॅकवर, म्हणजे स्टुडिओत टांगलेल्या ‘लिसन माइक’वर. त्याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत १९७९ साली गायक पीटर गेब्रिएल यांच्या अल्बमचं काम चालू असताना एसएसएल कन्सोलच्या लिसन माइकवरच्या जोरकस कंप्रेसरमधून फिल कॉलिन्स यांचे ड्रम ऐकू आले. इंजिनिअर ह्यू पॅजम यांना तो आवाज इतका भावला की जो माइक रेकॉर्ड होण्यासाठी नव्हताच, त्याची वायरिंग बदलून घेतली गेली. त्यावर नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज तोडणारं उपकरण) चढला आणि ऐंशीच्या दशकातला गाजलेला ड्रमचा आवाज जन्माला आला. आपल्या कामाला एवढं नको, दोन एलईडी पुरे.

आउटपुट

७ नंबरपासून ४७ मायक्रोफॅरड (प्लस आयसीकडे), मग १०० ओहम, मग जॅकची टिप. कपॅसिटरच्या बाहेरच्या टोकापासून ग्राउंडला २२ के, म्हणजे तो नेहमी डिस्चार्ज राहतो आणि केबल लावताना ठोका बसत नाही. जॅकच्या रिंगपासून ग्राउंडला आणखी एक १०० ओहम. सिग्नल फक्त टिपवर असला तरी दोन्ही वायरींना सारखाच अडथळा दिसत असल्याने मिक्सरचं बॅलन्स्ड इनपुट वाटेत शिरलेला हम वजा करून टाकतं. ट्रान्सफॉर्मर नाही, तिसरा ओपॅम्प नाही, फक्त एक जास्तीचा रेझिस्टर.

आयसीच्या ८ आणि ४ या पायांमध्ये, जितकं जवळ जमेल तितकं, ०.१ मायक्रोफॅरड विसरू नका. ८ ला १५ व्होल्ट, ४ ला ग्राउंड.

मॉनिटरचा आवाज आपोआप खाली

बटण दाबताना कंट्रोल रूमचे स्पीकर चालू असतील तर एक वर्तुळ पूर्ण होतं: बूथमधला माइक, तुमचे स्पीकर, टॉकबॅक माइक, गायकाचे हेडफोन, आणि परत बूथमधला माइक. शिट्टी सुटते, तीही गायकाच्या कानात. म्हणून बटणासोबत स्पीकर खाली जायला हवेत. मॉनिटर कंट्रोलरला फूटस्विचची सोय असेल तर बटणाचा दुसरा पोल तिथे जोडून मोकळे व्हा.

नसेल तर मिक्सर आणि स्पीकर यांच्यामध्ये, प्रत्येक चॅनलच्या प्लस आणि मायनस दोन्ही वायरींत १ केचा रेझिस्टर टाका. त्यांच्यापुढे, स्पीकरच्या बाजूला, प्लस-मायनसमध्ये २२० ओहम, पण रिलेच्या संपर्कातून. रिलेचा एक पोल डावीकडे, दुसरा उजवीकडे. रिले चालू झाला की आवाज सुमारे २० डीबीने उतरतो. बंद असताना १ केच्या जोड्यांमुळे एक-दीड डीबी जातात, ते मॉनिटरच्या नॉबने भरून काढा. ही जोडणी बॅलन्स्ड आउटपुटसाठी आहे. मिक्सरचं आउटपुट अनबॅलन्स्ड असेल तर फक्त टिपच्या वाटेत २ के टाका आणि २२० ओहम ग्राउंडला न्या.

रिलेची कॉइल २४ व्होल्टवर, ७८१५ च्या आणि २२ ओहमच्याही आधीच्या बिंदूवरून, बटणाच्या दुसऱ्या पोलमार्फत चालवा. कॉइलला उलटा १एन४००७ हवाच. कॉइलची परतीची वायर थेट अ‍ॅडॉप्टरच्या सॉकेटच्या मायनसला न्या, ऑडिओच्या ग्राउंडमधून नको. तिसरा लाल एलईडी ४.७ केमधून याच पोलवर लावला की बटण दाबल्याची खूण दिसते.

चालू करताना

आयसी सॉकेटमध्ये न बसवता पॉवर द्या. ८ नंबरवर १५ व्होल्ट, ५ वर ७.५, ३ वर त्याच्या किंचित खाली (मीटरचा स्वतःचा भार ४७ केवर पडतो). कॅप्सूलच्या प्लसवर २.५ ते ५.५ व्होल्ट. तिथे पूर्ण ७.५ दिसले तर कॅप्सूलमधून करंट जातच नाही, वायर तपासा. जवळपास शून्य दिसलं तर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा कॅप्सूल उलटी लागली आहे. हे सगळं ठीक असेल तर पॉवर काढा, मिनिटभर थांबा, आयसी बसवा. आता १ आणि ७ दोन्हींवर ७.५ च्या आसपास यायला हवेत. एखाद्यावर १३-१४ किंवा १-२ व्होल्ट आले तर त्या टप्प्याचा फीडबॅक रेझिस्टर किंवा ‘मध्य’ची जोडणी सुटली आहे.

हम येत असेल तर पहिला संशय कॅप्सूलच्या वायरवर. ती शिल्डेडच हवी आणि शिल्ड बोर्डाच्या बाजूला ग्राउंडला जोडलेली हवी. खोक्याचा धातू आणि ग्राउंड यांची गाठ एकाच जागी, आउटपुट जॅकजवळ बांधा. पॉट बोर्डाच्या अगदी लगत बसवा, कारण ६ नंबरची वायर लांबली की ती आजूबाजूचं सगळं गोळा करते.

मिक्सरवर

खोक्याची वायर रिकाम्या चॅनलच्या लाइन इनपुटला. त्या चॅनलचा फेडर खाली, आणि मेन किंवा रेकॉर्डिंगच्या बसला तो जोडलेला नाही ना, हे नक्की पाहा, नाहीतर तुमच्या सूचना ट्रॅकवर उतरतील. हेडफोन ज्या ऑक्सवरून (मिक्सरच्या वेगळ्या जोडआउटपुटवरून) जातात तो प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या आधीचा सिग्नल घेणारा, असला पाहिजे. पोस्ट-फेडर असेल तर फेडर खाली असताना गायकाला काहीच ऐकू येणार नाही.

पातळी लावताना गायकाला हेडफोन घालायला सांगण्याआधी ते स्वतः घाला आणि दुसऱ्या कुणाला खुर्चीत बसून बोलायला सांगा. पॉट शून्यावरून सुरू करा, ट्रॅक नेहमीच्या पातळीवर वाजू द्या आणि त्यावर बोलणं सहज कळेल इथवर पॉट आणा. मग त्या माणसाला माइकजवळ जाऊन जोरात टाळी वाजवायला सांगा. टाळी दचकवणारी वाटली तर पॉट तसाच ठेवून ऑक्स सेंड कमी करा, टाळी सहन होईल एवढा. आता बोलणं फार हळू वाटत असेल तर पॉट थोडा वर घ्या. मर्यादा एलईडी सांभाळताहेत, त्यामुळे टाळी आता त्याहून फारशी मोठी होणार नाही. ऑक्सच्या नॉबवर त्या जागी पांढऱ्या मार्करने खूण करा आणि मगच गायकाला बूथमध्ये पाठवा.